कायद्याचा विद्यार्थी मेळाव्याला जातो

गुरांच्या बाजारात बैल घ्यायला निघालेला आपला शेतकरी किती सावध असतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तो बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. विकणारा कितीही गोड बोलला तरी हा लगेच कमरेचे पैसे काढीत नाही. आणि हाच शेतकरी मुलाला किंवा मुलीला घेऊन शिक्षणाच्या मेळाव्याला गेला, की मात्र बुजून जातो. रंगीत पत्रके, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली आणि भराभर इंग्रजी बोलणारी मंडळी, टेबलावरचे संगणक, हे सारे पाहून त्याला वाटते, ही मोठी माणसे; यांना आपण काय विचारणार? बैल चुकला तर एक हंगाम बिघडतो. शिक्षणाची निवड चुकली तर लेकराची तीन किंवा पाच वर्षे जातात आणि घराने पोटाला चिमटा घेऊन साठवलेला पैसाही जातो.

म्हणून आज मला बोलावयाचे आहे ते कायदा शिकणाऱ्या, किंवा शिकू इच्छिणाऱ्या, आपल्या जालना जिल्ह्यातील मुलामुलींविषयी. करिअर मेळावा नावाची जी गोष्ट हल्ली गावोगाव ऐकू येते, तिचा त्यांनी पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, हा माझा विषय आहे.

ही गोष्ट आपल्याकडे तशी जुनी नाही. विलायतेत विद्यापीठांतून दर वर्षी खास कायद्याचे मेळावे भरतात. वकिलांच्या मोठमोठ्या पेढ्या तेथे टेबले मांडून बसतात आणि शिकणाऱ्या मुलांशी बोलतात. आपल्या देशात बंगळूरच्या राष्ट्रीय विधि विद्यालयाचे वर्ग १९८८ साली सुरू झाले. पुढे तशीच विद्यापीठे इतर राज्यांत निघाली आणि पेढ्या व कंपन्या स्वतः तेथे येऊन मुले निवडू लागल्या. महाराष्ट्रात अशी तीन विद्यापीठे आहेत, मुंबईला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला. यांतले तिसरे २०१७ साली सुरू झाले, आणि ते जालन्याहून साठ-सत्तर किलोमीटरच्या आत आहे. राज्य शासनानेही २०२३ च्या मे-जून महिन्यांत विधानसभा मतदारसंघांतून युवाशक्ती करिअर शिबिरे घेतली. याशिवाय बारावीचा निकाल लागला की शहरांतून खासगी मेळावे भरतात ते वेगळेच. हल्ली तर मेळावा मोबाईलच्या पडद्यावरही भरतो. जागा कोणतीही असो, सावधपणाचे नियम तेच आहेत.

मेळाव्यात पाऊल टाकल्यावर एक गोष्ट प्रथम ओळखावी. तेथे तीन प्रकारची माणसे बसलेली असतात. काही विकायला आलेली असतात. म्हणजे महाविद्यालये आणि शिकवणी वर्ग. काही निवडायला आलेली असतात. म्हणजे वकिलांच्या पेढ्या, कंपन्या, बँका. आणि काही नुसती सांगायला आलेली असतात. कोणी अनुभवी वकील, कोणी निवृत्त न्यायाधीश, कोणी विधि सेवा प्राधिकरणाचे कार्यकर्ते. विकणाऱ्यांचे टेबल बहुधा दारातच असते आणि मोठे असते. सांगणाऱ्यांचे टेबल कोपऱ्यात असते आणि तेथे गर्दीही नसते. ज्या घरात आजवर कोणी वकील झाला नाही, त्या घरातल्या मुलाला सर्वांत जास्त गरज या कोपऱ्यातल्या टेबलाची असते. माझे आजचे सांगणे थोडक्यात एवढेच आहे की, मेळाव्याला जाताना आपला प्रश्न बरोबर न्यावा, आणि येताना त्याचे उत्तर व एका जाणत्या माणसाची ओळख घेऊन यावे. पिशवीभर पत्रके आणली काय किंवा न आणली काय, सारखेच.

आता प्रश्न न्यायचा म्हणजे आधी वाट ठाऊक पाहिजे. कायद्याच्या पदवीच्या वाटा दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही शाखेची पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा. आपल्या राज्यातील महाविद्यालयांसाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा असते आणि ती मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधि विद्यापीठांसाठी क्लॅट नावाची निराळी परीक्षा असते, ती इंग्रजीतून. पदवी हाती आली की महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद काढावयाची आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे. ही परीक्षा २०११ सालापासून घेतली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती घेण्याचा बार कौन्सिलचा अधिकार मान्य केला.

सनदेच्या खर्चाचेही सांगून ठेवतो, कारण या बाबतीत गरीब घरची मुले फार घाबरलेली असतात. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात नोंदणीची फी एकंदर ७५० रुपये सांगितली आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना १२५ रुपये. निरनिराळ्या राज्यांच्या बार कौन्सिली यापेक्षा कितीतरी जास्त रक्कम घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कायद्यात लिहिली आहे त्याहून अधिक नोंदणी फी घेता येणार नाही. म्हणून सनदेसाठी हजारो रुपये लागतात असे कोणी सांगू लागला, तर त्याला हा निकाल विचारावा.

एवढी माहिती घरीच पाठ करून जावे. जे छापील मिळते ते विचारण्यात मेळाव्यातला वेळ घालवू नये.

आता समजा, तुमचा मुलगा बारावी झाला आहे आणि तुम्ही एखाद्या विधि महाविद्यालयाच्या टेबलासमोर उभे आहात. बैलाचे दात पाहावेत तसे पाच प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न मान्यतेचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता तुम्हांला कोणत्या वर्षापर्यंत आहे आणि तिचा कागद दाखवाल का? ऑगस्ट २०२५ मध्ये या कौन्सिलने देशभर तीन वर्षांसाठी नवी विधि महाविद्यालये काढण्यास मनाई जाहीर केली, अपवाद थोडे. तेव्हा ‘आमचे कॉलेज नवीनच आहे, मान्यता येईलच’ असे कोणी म्हटले, तर हात जोडून पुढे सरकावे.

दुसरा प्रश्न जागांचा. मंजूर जागा किती आणि त्यांतल्या सीईटीच्या फेरीतून किती भरता? मुलींच्या पालकांनी हा प्रश्न मुद्दाम विचारावा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, ज्या घरांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण ही माफी शासनाच्या केंद्रीय फेरीतून मिळालेल्या प्रवेशाला आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की ती गेली. मेळाव्यातच ‘एकच जागा उरली आहे, आज पैसे भरा’ अशी घाई करणारा माणूस कोणती जागा विकतो आहे, हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

तिसरा प्रश्न खर्चाचा. पहिल्या वर्षाची फी सगळेच सांगतात. तुम्ही सर्व वर्षांची विचारा. वसतिगृह, खानावळ, परीक्षा, पुस्तके धरून, आणि कागदावर लिहून मागा.

चौथा प्रश्न हजेरीचा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी सांगितली आहे. ‘मुलगा गावीच राहू द्या, शेती पाहू द्या, हजेरीचे आम्ही पाहून घेऊ’ असे कोणी सांगितले, तर आपल्याला ते सोयीचे वाटते. पण ज्याला वर्गात कोणी शिकवलेच नाही, तो उद्या कोर्टात उभा राहून काय बोलणार? दुसऱ्याच्या जमिनीचा, अब्रूचा, तुरुंगवासाचा प्रश्न त्याच्या हाती असणार आहे. आणि टपालाने घरबसल्या मिळणारी कायद्याची पदवी घेऊन तर सनदच मिळत नाही.

पाचवा प्रश्न पुढचा. तुमची गेल्या वर्षीची मुले आज कोठे काम करीत आहेत? त्यांपैकी एकाशी मला बोलता येईल का? चांगले महाविद्यालय या प्रश्नाने रागावत नाही.

आणि एक पथ्य. मेळाव्यात पैसे भरू नयेत आणि मूळ कागदपत्रे कोणाच्या हाती देऊ नयेत. घरी यावे, एक रात्र जाऊ द्यावी, गुरुजींना विचारावे, मग ठरवावे. खरी जागा एका रात्रीत पळून जात नाही.

आता जे विद्यार्थी कायद्याच्या वर्गात आधीच बसले आहेत, त्यांच्याकडे वळू. मित्रांनो, तुमची मोठी गरज इंटर्नशिपची आहे. आपल्या जुन्या शब्दांत उमेदवारीची. नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आठवडे उमेदवारी करावी लागते. ती एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक करता येत नाही, आणि तीत एकदा तरी खालच्या कोर्टात व वरच्या कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडे राहावे लागते. याचा अर्थ असा की, तुम्हांला तीन-चार निरनिराळ्या ठिकाणी काम पाहण्याची संधी नियमानेच दिली आहे. पुष्कळ मुले ही संधी एका प्रमाणपत्रावर वाया घालवतात. मेळावा ही ती ठिकाणे शोधण्याची जागा आहे.

तेथे बोलावे कसे, याचा एक नमुना सांगतो. समजा, मंठ्याकडची एक मुलगी एका वकिलांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, या क्षेत्रात स्कोप आहे का?” ते म्हणतील, “आहे की! भरपूर आहे.” संपले बोलणे. प्रश्नच असा होता की त्याला दुसरे उत्तर नाही.

आता तीच मुलगी असे बोलली तर पाहा. “वकीलसाहेब, मी मंठा तालुक्यातली. घरात कोणी वकील नाही. मी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला जालन्याच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करायचे आहे. नव्या ज्युनिअरला पहिली दोन वर्षे महिन्याला साधारण काय मिळते? आणि दिवाळीच्या सुट्टीत चार आठवडे आपल्या कार्यालयात मला काम पाहता येईल का?” या प्रश्नात माणूस दिसतो, गाव दिसते, ठरवलेली वाट दिसते. वकीलसाहेब खुर्ची पुढे सरकवतील आणि म्हणतील, “बस बेटा, सांगतो.”

पैशाचा प्रश्न विचारायला लाजू नये. वकिलीची पहिली वर्षे तंगीची असतात आणि ज्यांच्या पाठीशी घर नाही, अशी हुशार मुले याच वर्षांत वकिली सोडून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरी भागात महिना निदान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असे सुचवले. मात्र ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून प्रत्यक्षात काय मिळते हे विचारूनच घ्यावे, घरी सांगावे आणि त्या दोन वर्षांची तजवीज आधीच करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारख्या बॅरिस्टरनेही वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत, १९२५ पासून काही काळ, मुंबईच्या बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याचे काम केले होते. वकिलीला जोड म्हणून शिकवणे, भाषांतर, लेखन यांत कमीपणा नाही.

न्यायाधीश व्हावे अशी पुष्कळांची इच्छा असते आणि मेळाव्यात या परीक्षेचे शिकवणी वर्ग हमखास असतात. त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन कनिष्ठ न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. ‘पदवी मिळाली की लगेच न्यायाधीश’ असे जो सांगतो, त्याने हा निकाल वाचला आहे का? असे नियम बदलत राहतात. म्हणून वर्गाच्या पत्रकावर न जाता लोकसेवा आयोगाची मूळ जाहिरात वाचण्याची सवय लावावी. कायदा शिकणाऱ्याने जाहिरातसुद्धा कायद्यासारखीच, शब्द न् शब्द, वाचली पाहिजे.

या मोठ्या पदांखेरीजही कामे आहेत. फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ता असतात. त्यांची निवड लोकसेवा आयोग करतो. बँकांना विधि अधिकारी लागतात. सैन्यातही कायद्याच्या पदवीधरांसाठी स्वतंत्र शाखा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आता मराठीतही भाषांतर होऊन प्रसिद्ध होऊ लागले आहेत. ज्याची मराठी आणि इंग्रजी दोन्ही पक्की, त्याला या कामात वाव आहे. मेळाव्यात यांची टेबले नसली, तरी तेथे आलेल्या वकिलांना यांविषयी विचारता येते.

पण इंग्रजीचे काय? हा प्रश्न माझ्यापुढे दर वर्षी येतो. इंग्रजी लागते, आणि ती शिकलीच पाहिजे. उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीतच चालते. परंतु जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, असे राज्य शासनाने १९९८ सालीच जाहीर केले आहे. अशिलाचे म्हणणे समजून घेणे, साक्षीदाराला प्रश्न विचारणे, सातबारा आणि फेरफार वाचणे हे सारे मराठीतच होते. न्यायमूर्ती भूषण गवई अमरावतीत वाढले, तेथेच शिकले, १९८५ साली वकिली सुरू केली आणि मे ते नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. आणि मुलींनी हेही लक्षात ठेवावे की, ऑक्सफर्डला कायदा शिकलेली पहिली स्त्री कॉर्नेलिया सोराबजी ही आपल्या नाशिकला १८६६ साली जन्मली होती. तिने परीक्षा दिली १८९२ मध्ये. पण स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडावे लागले. आज ते दार उघडे आहे. मेळाव्याच्या हॉलमध्ये मागे उभे राहून ऐकण्याचे काही कारण नाही. पुढे व्हावे, मराठीत सुरुवात करावी, पण स्पष्ट बोलावे.

कोणी विचारले, “कुठले तुम्ही?” तर जालन्याचे म्हणून सांगताना आवाज खाली येऊ देऊ नये. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आपण ऐकत आलो. कायद्याच्या दृष्टीनेही आपला जिल्हा म्हणजे एक चालते ग्रंथालय आहे. कसे ते पाहा.

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिकोची स्थापना केली आणि हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. आता बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याने कोठे जावे? २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले की, बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते. वाणावरचा हक्क कोणाचा आणि शेतकऱ्याने आपले बियाणे राखून पेरावे की नाही, याचा कायदा २००१ चा आहे. त्याने शेतकऱ्याला ते राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क दिला आहे. जालन्यात पोलादाचे कारखाने आहेत. म्हणजे कामगार कायदा आला, प्रदूषणाचा कायदा आला. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला. म्हणजे भूसंपादन आणि मोबदला यांचे प्रश्न आले. आणि सर्वांत जुना प्रश्न जमिनीचा. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे जुने कागद उर्दूत सापडतात, आणि कुळांच्या बाबतीत मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे. पश्चिम महाराष्ट्राचा १९४८ चा कायदा नव्हे. पुण्या-मुंबईला शिकलेल्या पुष्कळ मुलांना हा फरक ठाऊकही नसतो. तुमच्या आजोबांना तो ठाऊक असतो.

आपल्या जिल्ह्यावर १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. जमिनीचे, मोबदल्याचे दावे पुढे तेथेच जातात. तेव्हा त्या खंडपीठात काम करणारे वकील मेळाव्यात भेटले आणि तुम्ही म्हणालात, “साहेब, मला मराठवाड्याचा कुळ कायदा शिकायचा आहे. सुरुवात कोठून करू?” तर ते तुम्हांला विसरणार नाहीत. मुंबईच्या पेढीत जाण्याची इच्छा वाईट नाही. ज्याला जमेल त्याने अवश्य जावे. पण अंबडच्या, भोकरदनच्या, परतूरच्या कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेला पक्षकार चांगल्या वकिलाची वाट पाहतो आहे, आणि त्याचे टेबल कोणत्याच मेळाव्यात मांडलेले नसते. ते तुम्ही मनात मांडून न्यावे.

येथेच विधि सेवा प्राधिकरणाविषयी सांगतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात हे प्राधिकरण आहे. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीत असलेले आरोपी, गरीब पक्षकार यांना ते फुकट वकील देते. त्याचे विधि स्वयंसेवक असतात आणि कायद्याच्या विद्यार्थ्यालाही ते होता येते. पेढीत जागा मिळाली नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा, जालन्याच्या न्यायालयात या कार्यालयाची चौकशी करावी. कारागृहात, गावच्या शिबिरात, लोकअदालतीत जे पाहायला मिळते, ते वर्गात मिळत नाही.

मेळावा संपला म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. एसटीत किंवा रेल्वेत बसल्याबसल्या वहीत लिहून काढावे. कोण भेटले, काय म्हणाले, काय करायला सांगितले. तीन दिवसांच्या आत ज्यांच्याशी चांगले बोलणे झाले, त्यांना चार ओळींचे पत्र किंवा ई-मेल पाठवावे. ‘मेळाव्यात आपण मला अमुक कायद्याचे पुस्तक वाचायला सांगितले होते, मी ते ग्रंथालयातून आणले आहे. दिवाळीच्या सुट्टीत उमेदवारीसाठी यावे का, हे कृपया कळवावे.’ एवढे पुरे. सांगितलेले काम केले आहे, हे ज्याच्या पत्रात दिसते, त्याला उत्तर येते. दहा जणांना लिहिल्यावर दोघांचे उत्तर आले तरी ते थोडे नाही. घरात वकील नसलेल्या मुलाला असा एक माणूस मिळाला, तर त्याचा मेळावा सार्थकी लागला.

आता शेवटी गुरुजनांशी दोन शब्द. शिक्षक मित्रहो, मुलांना टेम्पोत भरून मेळाव्याला नेणे आणि संध्याकाळी परत आणणे ही सहल झाली. आदल्या आठवड्यात एक तास द्या. मुलांकडून प्रत्येकी तीन प्रश्न लिहून घ्या. ‘स्कोप आहे का’ हा प्रश्न खोडा. दोन मुलांना टेबलामागे बसवा, दोघांना पुढे उभे करा आणि बोलण्याचा सराव करून घ्या. पहिल्यांदा सगळे हसतील. दुसऱ्या खेपेला बोलू लागतील. मुलींच्या पालकांना स्वतः भेटा, कोणाबरोबर जाणार आणि किती वाजता परतणार ते सांगा. पुष्कळ मुली एवढ्यासाठीच घरी राहतात. तालुक्याच्या न्यायालयातील एखाद्या वकिलांना वर्षातून एकदा शाळेत बोलवा. आणि मेळाव्याहून आल्यावर मुलांनी आणलेली माहिती फळ्यावर लिहून घ्या, म्हणजे जो गेला नाही त्यालाही ती मिळेल. यापैकी कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

श्रोतेहो, आपल्या खेड्यात कायद्याची भीती फार आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपले वाडवडील म्हणत आले, आणि त्यांनी ते अनुभवानेच म्हटले. कागद वाचता न आल्यामुळे गेलेली जमीन आणि वकील न मिळाल्यामुळे लांबलेली कोठडी आपण सर्वांनीच पाहिली आहे. ही भीती कमी व्हायची तर गावातलेच कोणीतरी ती पायरी चढून आत जाऊन उभे राहिले पाहिजे, नीट शिकून आणि प्रामाणिकपणे. तुमच्या घरातला एखादा मुलगा, एखादी मुलगी ते करू म्हणत असेल, तर तिला मेळाव्याला जरूर पाठवा. जाताना तिच्या हातात वही द्या, वहीत प्रश्न असू द्या, आणि ते विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे, हे तिला सांगा.